चौथ्या उन्हाची सुकेळी

सोललेलं केळं कोणासाठी थांबत नाही, हे वसईजवळच्या सांडोरच्या आग्नेस तुस्कानोला वयाच्या नवव्या वर्षी कळलं होतं. माणिकपूरच्या एका कॉलेजचे प्राचार्य निवृत्तीला आले तरी त्यांना ते कळलं नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस होते, मार्चचं कोरडं ऊन. अंगणातल्या बुटक्या मांडवावर बांबूच्या चटया पसरून आग्नेसनं राजेळी केळी सोलून वाळत घातली होती आणि एकेक केळं ती कुशीवर वळवत होती. सुकेळी करणारी सांडोरात आता ती एकटीच उरली होती. पूर्वी वाडीवाडीत चटया पडायच्या. आता निम्म्या वाड्यांत लग्नाचे हॉल उभे राहिले आणि पोरं नोकऱ्यांना लागली. आग्नेसची दोन्ही पोरं त्यातलीच. थोरली सून रिचेल सुकेळ्याचा फोटो काढून चार जणींना पाठवायची, पण शिकून घे म्हटलं की तिला नेमकं ऑफिसचं काम आठवायचं. आग्नेसनं तिला बोल लावायचं सोडून दिलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी मरणाचं तिला फारसं भय नव्हतं. आयुष्यभर जे केलं ते कोणाच्याच पदरात न टाकता मरायचं, याची मात्र तिला चीड होती. उघड चीड, नवऱ्यावर आणि मांजरावरही निघायची अशी.

त्या सकाळी नऊ वाजता विनया मॅडमची स्कूटर फाटकाशी थांबली. विनया मूळची साताऱ्याकडची, राहायला एव्हरशाईन सिटीत, आणि त्या माणिकपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन केळीच्या जाती बघायला म्हणून ती सांडोरात आली, आग्नेसच्या अंगणात बसली आणि मग येतच राहिली. हेल्मेट काढण्याआधीच तिचा चेहरा पाहून आग्नेसला कळलं की काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते असं. वर्षभरापूर्वी काठमांडूच्या एका संस्थेनं विनयाची गाठ सिंधमधल्या एका बाईशी घालून दिली होती. डॉक्टर माहनूर जोखियो, तिकडच्या शेतकी विद्यापीठात शिकवणारी. तिचं गाव ठठ्ठ्याजवळ, गावात केळीच्या बागा, आणि बागेत पिकून वाया जाणारी केळी. तिला वाळवायची रीत हवी होती. पुस्तकातली यंत्राची रीत नको होती, कारण गावात सहा सहा तास वीज नसते. तिला बायकांना हातानं करता येईल अशी रीत हवी होती. मग ऑनलाइन आठ बैठका ठरल्या. कधी तिकडची माणसं बोलायची, कधी इकडची, आणि सुकेळ्यांच्या बैठकीत आग्नेस कॉलेजच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर बसून बोलायची. पहिल्याच दिवशी माहनूरनं तिला मासी म्हटलं. सिंधीत मावशीला मासी म्हणतात हे कळल्यावर आग्नेसला इतका आनंद झाला की तिनं पुढचा अर्धा तास हिंदीत भाषण ठोकलं. ते हिंदी होतं हे ऐकणाऱ्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं.

सहा बैठका झाल्या आणि सातवीच्या आधी पत्र आलं. दोन देशांत आधीच वाकडं होतं. व्हिसा बंद, टपाल बंद, एकमेकांचे खेळाडूसुद्धा हात मिळवेनात. अशात माणिकपूरच्या कुठल्याशा मंडळानं प्राचार्यांना लिहिलं की शत्रूराष्ट्राशी चाललेला हा प्रकार थांबवा, नाहीतर आम्ही हॉलमध्ये येऊन थांबवू. फोनवर बोलायला कायद्यानं मनाई नाही, हे प्राचार्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी कायदा पाहिला नाही, हॉलच्या नव्या काचा पाहिल्या. आजची अकराची बैठक रद्द. शिवाय एक कागद टाइप करून दिला होता, त्यावर आग्नेसनं सही करायची होती: यापुढे माझा या कार्यक्रमाशी आणि सदर परदेशी व्यक्तीशी संबंध राहणार नाही.

हे सगळं विनयानं मान खाली घालून सांगितलं. जूनमध्ये तिचा करार नव्यानं व्हायचा होता, तेही सांगितलं, आणि सांगताना तिची तिलाच लाज वाटत होती. आग्नेसनं कागद दोनदा वाचला. मग त्याची नीट घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि मांडवाचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सारली. हलवून पाहिलं. मांडव स्थिर झाला.

"त्यांची केळी कितव्या उन्हात हायत?" तिनं विचारलं.

विनया म्हणाली, आज चौथं.

आग्नेस दिवस मोजायची नाही, उन्हं मोजायची. सुकेळ्यांना सात उन्हं लागतात. ढगाळ दिवस त्यात धरत नाहीत. आणि चौथं ऊन धोक्याचं होतं, कारण माहनूरच्या गावातल्या बायकांनी आजवर चार वेळा घाणा घातला होता आणि चारही वेळा चौथ्या नाहीतर पाचव्या उन्हाला केळ्यांवर पांढरी बुरशी धरली होती. विद्यार्थ्यांनी काढलेल्या आग्नेसच्या चित्रफिती त्यांनी पाठ होईतो पाहिल्या होत्या. केळं हातानं सोलायचं, सुरी लावायची नाही. पाणी लागू द्यायचं नाही. चटईवर दोन केळ्यांमध्ये बोटभर जागा. दुपारी कूस बदलायची. सगळं तंतोतंत करूनही बुरशी. हा पाचवा घाणा शेवटचा होता. या खेपेला जमलं नाही तर केळी काढून ऊस लावायचा, असं तिथल्या पुरुषांनी ठरवून टाकलं होतं. आजच्या बैठकीत माहनूर ती केळी पडद्यावर दाखवणार होती, म्हणजे चूक कुठं होते ते आग्नेसला डोळ्यांनी बघता आलं असतं.

चूक कुठं होते हेच आग्नेसला कळत नव्हतं. आपण शिकवलेलं चार वेळा नासलं, हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या बायकांना म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ज्या बायका चार वेळा नासल्यावर पाचव्यांदा सोलायला बसतात, त्यांना कामचुकार म्हणायला तिची जीभ धजेना. आणि खरं सांगायचं तर अख्ख्या जगात तिच्याकडून हे शिकायला निघालेल्या बायका तेवढ्याच होत्या.

"कॉलेजचा हॉल नसला तर नसूदे," ती म्हणाली. "संध्याकाळी इथून फोन लावते. माझं अंगन, माझा फोन."

विनयाला तिनं घरी जायला सांगितलं. तुझी नोकरी आहे, तू यात नकोस, मला फोन लावता येतो. विनया स्कूटर काढून गेली.

पास्कल, आग्नेसचा नवरा, हे सारं पडवीतून ऐकत होता. चाळीस वर्षं भाजीचा टेम्पो चालवलेला शांत माणूस. तो दुपारी जेवताना म्हणाला की तुझं खरं आहे, पण आपल्याकडं बघायची लोकांची नजर आधीच बदललीय. चार पिढ्या इथं राबून आपल्याला अजून कोणीतरी विचारतंच, तुम्ही मूळचे कुठले. उगाच कोणाला बोट दाखवायला जागा कशाला द्यायची? तो घाबरट नव्हता. त्यानं काय काय ऐकून घेतलं होतं ते आग्नेसला माहीत होतं, म्हणून तिनं त्याला तोडून टाकलं नाही. भात वाढला, वर कालवण घातलं आणि म्हणाली, "दाखवू दे बोट. बोट दाखवनाऱ्यानं कधी एक केळं सोललंय का विचार." पास्कल जेवून उठला. साडेपाच वाजता फोन टेकवायला त्यानं मांडवासमोर स्टूल आणून ठेवलं आणि त्यावर उलटी बादली मांडली.

फोन लावतात तोवर फाटक वाजलं. विनया आली होती, सकाळची साडी नाही, साधा कुर्ता. कॉलेजमधून नाही आले, मावशीकडे आलेय, म्हणाली. आग्नेसनं तिच्याकडे बघितलं आणि एक पाट पुढं सरकवला.

पडद्यावर माहनूर दिसली, तिच्यामागे तीन बायका. त्यातली सर्वांत म्हातारी माहनूरची आत्या. त्यांच्यासमोर खाटेवर चटई आणि चटईवर केळी. माहनूरनं फोन जवळ नेला आणि आग्नेसला नको होतं तेच दिसलं. दोन-तीन केळ्यांच्या टोकाला पांढरी लव दिसायला लागली होती. बाकीची अजून बरी होती, पण रंगावरून ती उद्या जाणार हे लख्ख दिसत होतं. आग्नेसनं सगळं पहिल्यापासून विचारलं. किती पिकलेली घेतली? सालीवर काळे ठिपके पडल्यावर. सोलली कशी? हातानं. पाणी? नाही. कूस बदलली? दुपारी. म्हातारी आत्या प्रत्येक उत्तराला मान हलवत होती, शाळेतल्या हुशार मुलीसारखी, आणि ते बघून आग्नेस रडायच्या बेतात आली. सगळी उत्तरं बरोबर होती आणि केळी नासत होती. तिला पुढं काय विचारायचं तेच सुचेना.

इतक्यात सांडोरच्या चर्चची सहाची घंटा वाजली.

आग्नेस उठली. घंटा झाली की उठायचं हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की समोर कोण बसलंय याचा विचारही मनात आला नाही. तिनं क्रूसाची खूण केली, ओठांतल्या ओठांत प्रार्थना सुरू केली आणि हात आपोआप कामाला लागले. टोपली ओढली, तळाला केळीची वाळकी पानं घातली आणि चटईवरची कोमट केळी एकेक उचलून टोपलीत थरावर थर रचू लागली. तिची आई असंच करायची, आजी असंच करायची. घंटा ऐकली की अख्ख्या सांडोरात प्रार्थना पुटपुटत बायका केळी गोळा करायच्या, आणि प्रार्थना संपेतो चटई रिकामी व्हायची. आग्नेसनं वरून वाळकी पानं घातली, त्यावर जुनं लुगडं चारी बाजूंनी दाबून खोचलं आणि आमेन म्हणून वळली, तर पडद्यावरच्या चारही बायका फोनला चिकटून बघत होत्या.

"मासी, ये आप क्या कर रही हैं?" माहनूरनं विचारलं.

"ये?" आग्नेस गोंधळली. "ये कुछ नहीं. ये तो शाम हुई ना."

विनयानं कपाळाला हात लावला. माहनूर हळू आवाजात म्हणाली की आम्ही तर रात्रभर चटईवरच ठेवतो, वरून मच्छरदाणी घालून. हे तुम्ही कधी सांगितलं नाही.

सांगितलं नव्हतंच. मुलांनी विचारलं, आजी, कृती सांगा, आणि आग्नेसनं कृती सांगितली. कॉलेजची पोरं अकराला यायची, दोनला जायची, फितीत तेवढंच ऊन. संध्याकाळी केळी गोळा करणं हे कृतीत धरायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं असतं तरी तिनं हसण्यावारी नेलं असतं. ते प्रार्थनेतलं होतं. जेवल्यावर हात धुवायचा असतो हे कोणी पाककृतीत लिहीत नाही. पण त्या गोळा करण्यातच सगळं होतं. कोमट असताना झाकलं की केळं रात्रभर घामेजतं, आतला ओलावा बाहेर येतो, सकाळी तो पुसून घेतला की पुन्हा उन्हात. तसं केलं नाही तर वरची साय वाळते, आत पाणी कोंडतं, वरून दव, आणि मग बुरशी. चार घाणे तिच्या गप्प राहण्यानं नासले होते. कान धरून ती त्या बायकांना म्हणाली, गलती मेरी, तुमची नाही.

मग तिला एकदम आठवलं आणि तिनं घाईनं विचारलं, तुमच्याकडे अजून ऊन आहे का? माहनूरनं फोन फिरवला. होतं. सांडोरात सावल्या वाडीभर पसरल्या होत्या, पण तिकडे खाटेवर अजून पिवळं ऊन होतं आणि आत्यानं हात लावून सांगितलं, केळी गरम आहेत.

"तो चलो," आग्नेस म्हणाली. "पहले सफेदवाला निकालो, फेंको. टोकरी लाओ."

तिकडे पळापळ झाली. कोणी टोपली आणली, कोणी बागेतून वाळकी पानं ओढून आणली. आणि नेमक्या त्याच वेळी इकडे फाटक ढकलून जितेश आत आला.

जितेशचं माणिकपुरात झेरॉक्सचं दुकान होतं. मंडळाचं पत्र त्याच्याच दुकानात छापलेलं आणि त्याच्याच सहीचं. मॅडमची स्कूटर सांडोरकडे वळताना कोणीतरी पाहिली होती, आणि असल्या बातम्यांना पाय नसतात, पंख असतात. त्याच्यामागे दोघं जण होते, ते फाटकातच थांबले. तो आवाज न चढवता म्हणाला की काकी, फोन बंद करा, कॉलेजनं बंद केलंय ते तुम्ही घरात चालू करताय, हे बरं नाही. पास्कल पडवीतून उठून आग्नेसच्या शेजारी येऊन उभा राहिला. विनयाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती पाटावरून हलली नाही. फोनमधून माहनूरनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, मासी, बंद करू?

"तू हाथ चला," आग्नेस तिला म्हणाली आणि मग जितेशकडे वळली.

जितेशनं पुढं जे सांगितलं ते त्याला मनापासून वाटत होतं, हेही खरं. तिकडून आपल्यावर गोळ्या येतात, आपली माणसं मरतात, आणि आपण त्यांना आपली विद्या फुकट द्यायची? वसईची वस्तू आहे ही. उद्या ते स्वतःच्या नावानं विकतील.

आग्नेसनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा तिनं पडद्याकडे बघून थर दाट रचा म्हणून सांगितलं, तेवढंच. मग ती जितेशपुढं जाऊन उभी राहिली.

"वसईची वस्तू म्हनतोस? बरं. मग तू शीक." तिनं टोपलीकडे हात केला. "आत्ता हात धू आनि बस इथं. सात उन्हं रोज सकाळी सहाला ये, संध्याकाळी घंटेला ये. तू शिकलास तर मी हा फोन बंद करते, परत लावनार नाही. पास्कलच्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

जितेशनं टोपलीकडे पाहिलं, मग फाटकातल्या दोघांकडे.

"तीस वर्षं मी या गावात पोरांना हाका मारतेय. माझी सून बसली नाही, चर्चच्या पोरी बसल्या नाहीत, तुझी आई माझी मैत्रीन, ती पन नाही बसली. या बाया चार वेळा नासवून पाचव्यांदा बसल्या. वस्तू कोनाची? जो करतो त्याची. बस ना. पाट देऊ?"

फाटकातला एक जण हसला. जितेशला दुकान होतं, दोन मुलं होती, सकाळी सहाला सांडोरात येऊन केळी पुसायला वेळ कोणाला आहे? हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं आणि ते दिसलं याचाच त्याला राग आला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, ठीक आहे, मी व्हिडिओ काढतो, सगळ्यांना कळू दे इथं काय चाललंय.

"काढ," आग्नेस म्हणाली. पदर नीट केला. "नाव नीट घाल. आग्नेस पास्कल तुस्कानो, सांडोर. आनि सांग, ही बाई सिंधच्या बायांना सुकेळी शिकवते. उद्या सकाळी सहाला परत शिकवनार हाय, पुसायचं कसं ते. तेव्हापन ये."

त्यानं व्हिडिओ काढला. त्यात ती बोलताना दिसते, मागे पास्कल बादली धरून उभा, आणि बादलीवरच्या छोट्या पडद्यावर एक म्हातारी टोपलीवर कापड खोचताना दिसते. तिनं चारी कोपरे अगदी घट्ट दाबले होते.

व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि पुढचे तीन दिवस फोनवर फोन आले. अनोळखी माणसं नको ते बोलत होती. आग्नेस प्रत्येकाचं ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, तुला शिकायचंय का? मग समोरचा फोन ठेवून द्यायचा. थोरल्या मुलानं, रायननं, घाबरून फोन केला, तेव्हा तिनं त्यालाही तेच विचारलं. विनयाकडे कॉलेजनं लेखी खुलासा मागितला. तिनं चार पानांचा खुलासा दिला. त्यात क्षमा हा शब्द नव्हता. रात्रीची आर्द्रता, झाकण्याची वेळ आणि आतापर्यंतच्या सर्व नोंदींमधून सुटलेली पायरी असं सगळं होतं, आणि शेवटी लेखकांची नावं होती: आग्नेस तुस्कानो, माहनूर जोखियो, विनया. जूनमध्ये करार होणार नाही हे आता तिला जवळजवळ नक्की कळलं होतं. ते आग्नेसला सांगताना या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

आणि रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी घंटेला फोन लागत राहिला. जितेश पुन्हा आला नाही.

सातव्या उन्हाला माहनूरनं खाटेसमोर फोन धरला. केळी आक्रसून मधाच्या रंगाची झाली होती, एकावरही पांढरा ठिपका नव्हता. पण सुकेळं डोळ्यांना फसवू शकतं, जबड्याला नाही. आग्नेसनं आत्याला एक खायला सांगितलं. टपाल बंद होतं, म्हणजे तिच्या स्वतःच्या जिभेवर ते कधी येणार नव्हतं. तिला ते त्या म्हातारीच्या तोंडावरच बघावं लागणार होतं.

आत्यानं तुकडा तोडला. तो लगेच तुटला नाही, ओढावा लागला. मग ती चावू लागली आणि तिला जरा वेळ लागला, नेमका लागायला हवा तेवढा. चावता चावता ती माहनूरला सिंधीत काहीतरी म्हणाली. माहनूर त्याचं हिंदी करून सांगायला लागली, पण आग्नेसनं हातानंच तिला थांबवलं.

"पास्कल," ती म्हणाली, "जमलं. आता मी मेले तरी सुकेळी मरत नाहीत."